पूर्णवेळ कामासाठी डेस्कटॉपचे दिवस खरंच भरलेत का?

खटपट्या
मंडळी, ऑफिसात यावरून रोज वाद चाललाय म्हणून शेवटी धागाच काढतो. आमचं काम स्ट्रक्चरल ड्रॉइंगचं, म्हणजे मॉडेल करणं, ॲनालिसिस, ड्राफ्टिंग, आणि मग साइटवर जाऊन तिथे काय वेगळंच झालंय ते बघणं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि आमच्या निम्म्या मशीन्सवर विंडोज ११ चढत नाही, काहींना टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) नाही, काहींचे प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे. म्हणजे बदलायच्या तर आहेतच. साहेब म्हणतात आता डबे घ्यायचेच नाहीत, सगळ्यांना लॅपटॉप, साइटवाल्यांना कीबोर्डवाले टॅबलेट, विषय संपला. मला स्वतःला हे बऱ्यापैकी पटतंय. पण आमचे एक सीनियर हटून बसलेत की डेस्कटॉपशिवाय खरं काम होतच नाही.
तर प्रश्न असा, डेस्कटॉप पूर्ण सोडून पोटापाण्याचं काम फक्त उचलून नेता येणाऱ्या यंत्रावर करणारं इथे कोण आहे? दिवसाचे सात-आठ तास काम म्हणतोय मी, मेल बघणं आणि मीटिंगमध्ये मान डोलावणं धरू नका.

शेवटचा बाक
रुमाल टाकून ठेवतो. दुपारी सवडीने लिहितो, विषय जिव्हाळ्याचा आहे.

जुनाट गंज
डेस्कटॉप मेल्याची बातमी दर दोनतीन वर्षांनी येते, मी आता दुखवटा पाळणं सोडलंय. २०१० ला आयपॅड आला त्याच वर्षी स्टीव्ह जॉब्स म्हणाले होते की पीसी आता ट्रकसारखे होतील, लागतील पण थोड्याच लोकांना. २०१२ ला मायक्रोसॉफ्टने टॅबलेटच्या नादात विंडोज ८ मधून स्टार्ट बटणच उडवलं, लोकांनी इतका आरडाओरडा केला की पुढच्याच वर्षी ८.१ मध्ये ते परत बसवावं लागलं, आणि सरफेस आरटी नावाचा त्यांचा टॅबलेट इतका पडून राहिला की त्यापायी ९० कोटी डॉलर तोट्यात लिहावे लागले. २०१५ ला आयपॅड प्रो आला तेव्हा टिम कुक जाहीर मुलाखतीत विचारत होते की आता पीसी कोणी घ्यावाच कशाला. त्यानंतर दोन वर्षांनी ॲपलची ती जाहिरात आली, एक लहान मुलगी दिवसभर आयपॅडवर बागडते आणि शेवटी विचारते, कॉम्प्युटर म्हणजे काय? ती पोरगी आता नोकरीला लागायच्या वयात आली असेल. कुणीतरी तिला वीस शीट्सची एक्सेल फाइल पाठवा म्हणजे उत्तर मिळेल तिला.

मी_मौनी
हसून हसून पुरेवाट (हहपुवा). शेवटचं वाक्य फ्रेम करून लावा.

कोडगा
मी प्रोग्रामर, कित्येक वर्षं डेस्कटॉप नाहीये माझ्याकडे. तेव्हा खटपट्याभौ, तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर हो, मी आहे. पण थांबा, पूर्ण ऐका. माझा लॅपटॉप दिवसभर बंद झाकणाने एका स्टँडवर उभा असतो, त्याला दोन मॉनिटर, वेगळा कीबोर्ड, वेगळा माउस, लॅनची केबल. संध्याकाळी एक वायर काढायची आणि बॅगेत टाकायचा. आता याला पोर्टेबल म्हणायचं की डेस्कटॉप, हे तुम्हीच ठरवा. मला विचाराल तर मी टेबलावरच काम करतो, फक्त डबा बदलला.
टॅबलेटवर पण करून बघितलंय, म्हणजे हौसेने. ब्राउझरमध्ये व्हीएस कोड (कोड लिहायचा एडिटर) चालतो, कोडस्पेसेससारखं काहीतरी घेतलं की खरं मशीन दुसरीकडे आणि आपल्या हातात नुसता पडदा. छोट्या दुरुस्त्या मस्त होतात. पण एका वेळी एडिटर, टर्मिनल, लॉग, ब्राउझर आणि कुणीतरी पाठवलेलं डॉक्युमेंट असं सगळं उघडं लागतं, आणि नेट गेलं की हातात उरते ती काचेची पाटी. आयपॅडवर एक्सकोड (ॲप बनवायचं ॲपलचं सॉफ्टवेअर) अजून नाही हे पण लक्षात घ्या, म्हणजे आयपॅडचीच मोठी ॲप्स बनवायला मॅक लागतो. स्विफ्ट प्लेग्राउंड्समधून २०२१ पासून ॲप स्टोअरला ॲप पाठवता येतं ते ठीक, पण त्याच्यावर रोजचं काम करणारा अजून भेटायचाय.

रेघोट्या
कोडगा, तुमच्या काचेच्या पाटीवरच माझं घर चालतं बरं का 😀 मी चित्रकार आहे, मुलांच्या पुस्तकांची चित्रं करते. आधी डेस्कटॉपला पेन टॅबलेट जोडून काढायचे, हात इकडे आणि नजर तिकडे, त्याची सवय झाली होती पण मजा कधीच आली नाही. स्क्रीनवर थेट पेन टेकवायला मिळालं आणि मग मी मागे वळून बघितलं नाही. स्केचपासून शेवटच्या रंगापर्यंत सगळं टॅबलेटवर, आणि काम खरोखर जास्त वेगाने होतं, कारण कंटाळा आला की उठून खिडकीत जाऊन बसता येतं.
पण (आणि हा पण मोठा आहे) पुस्तक छापायला जातं ते टॅबलेटवरून नाही. मोठा कॅनव्हास घेतला की प्रोक्रिएट (माझं चित्रांचं ॲप) लेअर मोजून देतं, रॅमप्रमाणे. दोन पानी पसरट चित्र ३०० डीपीआयला काढायचं तर लेअर जपून वापरावे लागतात. आणि पानं लावायला इनडिझाइन, ते आयपॅडवर नाहीच. छपाईचे रंग, ब्लीड (कापायला सोडलेली कड), फॉन्ट, शेवटची पीडीएफ तपासणं हे सगळं मोठ्या मॉनिटरवर, ज्याचं कॅलिब्रेशन केलंय. तर माझं उत्तर अर्धं हो अर्धं नाही.

उंटावरचा शहाणा
इथे सगळे चाळिशीपुढचे जमलेत असं दिसतंय. जरा आजूबाजूला बघा राव. नवीन पोरं फोनवर व्हिडिओ कापतात, फोनवर दुकान चालवतात, बिलं, जाहिरात, गिऱ्हाइकाशी बोलणं सगळं फोनवर. वेबवापर मोजणाऱ्या स्टॅटकाउंटरच्या मोजणीत ऑक्टोबर २०१६ ला जगभरात मोबाइल आणि टॅबलेटवरून होणारं ब्राउझिंग डेस्कटॉपच्या पुढे गेलं. लॅपटॉपने तर २००८ मध्येच विक्रीत डेस्कटॉपला मागे टाकलं होतं. निकाल कधीच लागलाय, तुम्ही अजून अपील करत बसलाय.

आकडेमोड
उंटराव, ती मोजणी वेबपानं बघण्याची आहे हो. बघणाऱ्यांची संख्या वाढली म्हणून बनवणाऱ्यांची यंत्रं बदलली असं कसं निघतं त्यातून? फोनवर लोक जे व्हिडिओ बघतात त्यातले बरेचसे टेबलावर बसूनच तयार होतात.
मी हिशोबातली. मला लागतो नमपॅड. तुम्ही हसाल, पण ज्याचा उजवा हात न बघता आकडे टाकतो त्याच्यापुढे नमपॅड नसलेला लॅपटॉप ठेवला तर त्याची चिडचिड होतेच. दुसरं म्हणजे मॅक्रो, एक्सेलमध्ये आपोआप काम करणारे छोटे प्रोग्राम. ते ज्या भाषेत लिहितात ती व्हीबीए आयपॅडच्या एक्सेलवर चालत नाही. आमची निम्मी टेम्प्लेटं कुणीतरी फार पूर्वी लिहिलेल्या मॅक्रोवर उभी आहेत, लिहिणारा कधीच निघून गेला, आणि त्याला हात लावायची कुणाची छाती नाही. जगातले बरेच व्यवसाय अशाच फाइलींवर चालतात असा माझा दाट संशय आहे. ते मॅक्रो जिथे चालतील तिथेच आम्ही.

जुनाट गंज
आकडेमोडताई, बाडिस (बाय डिफॉल्ट सहमत). मॅक्रो लिहून गायब झालेला माणूस प्रत्येक ऑफिसात असतोच.

वॉटमीटर
सगळे ॲप आणि स्क्रीनचं बोलतायत, उष्णतेबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. चिप कितीही चांगली असो, काम केलं की ती तापणार आणि ती उष्णता बाहेर काढायला जागा आणि हवा लागते. फोनला सतत जोर लावून काम करायचं तर चारपाच वॉटच्या आसपास थांबावं लागतं, नाहीतर हातात धरवणार नाही. पातळ लॅपटॉप पंधरा ते तीस. टेबलाखालच्या डब्यात नुसतं ग्राफिक्स कार्ड ४५० वॉट खातं.
नावांना फसू नका. आरटीएक्स ४०९० हेच नाव डेस्कटॉपच्या कार्डाला आणि लॅपटॉपमधल्या चिपला पण. डेस्कटॉपवाल्यात १६३८४ कूडा कोर (चिपमधले हिशोब करणारे छोटे भाग) आणि २४ जीबी मेमरी, लॅपटॉपवाल्यात ९७२८ कोर आणि १६ जीबी, चिपच वेगळी आहे. पेटीवर स्टिकर मात्र तेच. रेंडरिंग करणाऱ्याने लॅपटॉप घेतला आणि मग तो हळू का चालतो म्हणून डोकं धरून बसला, असं मी बघितलंय.
बॅटरीलाही मर्यादा आहे. विमानात परवानगीशिवाय नेता येते ती १०० वॉट-तासांपर्यंतची, म्हणून मोठमोठे लॅपटॉप ९९ च्या घरात येऊन थांबतात. आता शंभर वॉट-तासांत ४५० वॉटचं कार्ड किती वेळ चालेल ते आकडेमोडताई सांगतील.

आकडेमोड
तेरा मिनिटं आणि वर वीस सेकंद. नुसतं कार्ड धरून, बाकी मशीन बंद ठेवायचं 😀

कोडगा
वॉटमीटर, मुद्दा बरोबर पण चित्र २०२० नंतर बरंच बदललंय. त्या नोव्हेंबरात ॲपलचा एम१ आला आणि पंखा नसलेल्या मॅकबुक एअरवर माझं कंपाइल आधीच्या जाडजूड मशीनपेक्षा लवकर व्हायला लागलं. सलग लांबलचक काम दिलं की थोड्या वेळाने तोही दम टाकतो हे कबूल, पण माझ्यासारख्यांचं काम असं सलग नसतंच, दोन मिनिटं जोर, दहा मिनिटं डोकं खाजवणं. आणि मेमरीचं म्हणाल तर एम४ मॅक्स वाल्या मॅकबुकला १२८ जीबीपर्यंत मेमरी मिळते जी ग्राफिक्सलाही तीच. घरच्या घरी मोठी एआय मॉडेल्स चालवणारे लोक ४०९० च्या २४ जीबीत अडकतात आणि लॅपटॉपवर चालवून दाखवतात. वेग कमी मिळतो, पण निदान मॉडेल मावतं तरी.

वॉटमीटर
मान्य. मावणं आणि पळणं हे दोन वेगळे प्रश्न आहेत एवढं म्हणून गप्प बसतो.

मानेचा मणका
मी फिजिओथेरपिस्ट. या वादात माझा स्वार्थ असा की तुम्ही सगळ्यांनी लॅपटॉपवर काम केलं तर माझा धंदा वाढेल.
लॅपटॉपची रचनाच अशी आहे की पडदा आणि कीबोर्ड एकमेकांना चिकटलेले. पडदा नजरेच्या रेषेत आणला तर हात वर उचलावे लागतात, हात कोपरापाशी सरळ ठेवले तर मान खाली घालावी लागते. दोन्ही एकदम बरोबर येऊच शकत नाही. टॅबलेट त्याहून वाईट, तो तर मांडीवर असतो. युरोपात १९९० चा एक निर्देश आहे स्क्रीनसमोर काम करणाऱ्यांसाठी, त्यात कीबोर्ड पडद्यापासून वेगळा हवा असं स्पष्ट लिहिलंय, आणि पोर्टेबल यंत्रं कामाच्या जागी दीर्घकाळ वापरात नसतील तरच त्या नियमातून सूट. म्हणजे पस्तीस वर्षांपूर्वीच लोकांना हे कळलं होतं.
कोडगांनी जी मांडणी सांगितली, स्टँड, वेगळा कीबोर्ड, मॉनिटर, ती केली तर मला तक्रार नाही. आतलं यंत्र कुठलंही असो, मानेला त्याचं काही घेणंदेणं नाही.

मी_मौनी
हे वाचता वाचता सरळ बसलो.

उंटावरचा शहाणा
मी पण. पण हरलो असं समजू नका.

क्ष-किरण
एक वेगळ्या धंद्यातला अनुभव. रेडिओलॉजीत २०११ ला अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-उपकरणांना मंजुरी देणारी संस्था) फोन-टॅबलेटवर स्कॅन बघून निदान करायच्या एका ॲपला पहिल्यांदा मंजुरी दिली, तेव्हा आमच्यात फार गाजावाजा झाला होता, आता अंधाऱ्या खोलीतून सुटका वगैरे. पण मंजुरीतच अट होती की हे वर्कस्टेशनच्या जागी नाही, वर्कस्टेशन हाताशी नसेल तेव्हा वापरायचं. आजही व्यवहारात तेच आहे. रात्री अपरात्री फोन आला तर टॅबलेटवर एक नजर टाकतो, लगेच काय करायचं ते सांगतो, आणि पक्का रिपोर्ट सकाळी मोठ्या मॉनिटर्सवर. जुना स्कॅन शेजारी लावून नव्याशी ताडून बघायचा असतो, शेकडो काप असतात, ते दहा इंचात करायचं म्हणजे डोळे आणि रुग्ण दोघांवर अन्याय. शिवाय खोलीतला उजेड ठरावीक लागतो, मॉनिटरची चाचणी ठरलेल्या वेळी होते. टॅबलेटवर उन्हात बसून बारीक फ्रॅक्चर शोधणं हे सिनेमात ठीक.

पंखवेल्हाळ
क्ष-किरण यांनी छान सांगितलं, माझं क्षेत्र विमानदेखभाल, तिथे उलटं झालंय बघा. पायलट लोक पूर्वी नकाशे, मॅन्युअल्स भरलेली बॅग घेऊन चढायचे. अमेरिकन एअरलाइन्सने २०१३ पर्यंत सगळ्या ताफ्यात त्या बॅगा काढून आयपॅड दिले, एकेक बॅग सोळा किलोच्या आसपास होती. शंभर टक्के यशस्वी प्रकार. आता खाली हँगरमध्ये पण मेकॅनिकच्या हातात टॅबलेट असतो, मॅन्युअलचं पान विमानापाशी उभं राहून बघता येतं, फोटो काढून तिथेच नोंद होते.
पण यात डेस्कटॉप कुठे हटला? हटला तो कागद. कॉकपिटमध्ये डेस्कटॉप कधी नव्हताच. टॅबलेट जिथे जिथे खऱ्या कामात घट्ट बसलाय ते बघा, डॉक्टरांचा राउंड, गोदामातली मोजणी, साइटवरची पाहणी, सगळीकडे आधी वही, पाटी नाहीतर क्लिपबोर्ड होता. उभ्याने करायची कामं त्याने जिंकली. बसून करायच्या कामांत तो अजून पाहुणाच आहे. खटपट्या, तुमच्या साइटवाल्यांना टॅबलेट डोळे झाकून द्या, ड्राफ्टिंगवाल्यांच्या टेबलावर तो नेऊन ठेवू नका.

रेघोट्या
'उभ्याने करायची कामं' +१. आणि चित्र काढणं हे पण आधी कागदावरच होतं की! माझं टॅबलेटवर का जमलं ते आज कळलं.

कोडगा
पंखवेल्हाळ, प्रतिसाद आवडला, वाखुसा (वाचनखूण साठवली).

दुर्बीण
अवांतर, पण कुणीतरी बोललंच पाहिजे. डेस्कटॉपचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे तो घरी नेता येत नाही. आमच्या ऑफिसात सगळ्यांना लॅपटॉप वाटले तेव्हा पहिल्या दिवशी लोकांनी फोटो काढून स्टेटसला टाकले. नंतर हळूच सुरू झालं, 'लॅपटॉप बरोबर आहे ना, जरा बघून घे.' लग्नकार्यात बरोबर, हॉस्पिटलात बरोबर. आधी मी सहाला स्विच बंद करायचो आणि मग माणूस म्हणून माझा दिवस सुरू व्हायचा.

आकडेमोड
दुर्बीण, हा मुद्दा अवांतर नाहीच मुळी. साहेबांना लॅपटॉप का आवडतात याचं खरं कारण तुम्ही एका वाक्यात सांगितलंत.

उंटावरचा शहाणा
अहो पण त्याच लॅपटॉपमुळे घरी आजारी माणूस असताना मला रजा न टाकता काम करता आलं. दोन्ही बाजू आहेत. दोष वेळीअवेळी फोन करणाऱ्याचा, यंत्राला कशाला शिव्या.

दुर्बीण
तुम्हाला ते स्वतः ठरवून करता आलं. मला ठरवायला मिळत नाही, फरक तिथे आहे. असो, धागा भरकटवत नाही.

जुनाट गंज
भरकटलाच आहे तर फोनचं पण होऊन जाऊ द्या. फोन डॉकला लावायचा आणि तोच डेस्कटॉप, हे स्वप्न किती कंपन्यांनी बघितलं! मोटोरोलाने २०११ ला ॲट्रिक्स काढला, त्याला लॅपटॉपसारखा दिसणारा डॉक, आत काहीच नाही, फोन मागे खोचायचा. उबुंटूवाल्यांनी २०१३ ला एज नावाच्या फोनसाठी लोकांकडून ३ कोटी २० लाख डॉलर गोळा करायला घेतले, सव्वा कोटीच्या थोडं वर जाऊन गाडी थांबली आणि फोन निघालाच नाही. २०१५ ला मायक्रोसॉफ्टचं कंटिन्यूअम, मग २०१७ ला सॅमसंगचं डेक्स. यातलं डेक्स तेवढं टिकलं.

बिनतारी
डेक्स मी रोज वापरतो, म्हणून हात वर करतो. मी भाषांतरकार. फोनला एक वायर, मॉनिटर, ब्लूटूथ कीबोर्ड. डावीकडे मूळ मजकूर, उजवीकडे माझा, ब्राउझरमध्ये शब्दकोश. एवढ्यावर माझी बरीचशी कामं होतात आणि प्रवासाला निघताना लॅपटॉप घरी राहतो. अडतं कुठे, तर एजन्सी जेव्हा त्यांचंच भाषांतराचं सॉफ्टवेअर वापरा म्हणतात आणि ते फक्त विंडोजवर चालतं. तेव्हा जुना लॅपटॉप कपाटातून काढतो. फोनला ताकद कमी पडली असं माझ्या कामात तरी झालेलं नाही, अडवणूक नेहमी सॉफ्टवेअरने केली.

कोडगा
बिनतारी, अगदी नेमकं. आयपॅडचंही तेच. एम१ चिप २०२१ ला आयपॅडमध्ये बसली, म्हणजे ताकद लॅपटॉपची. पण नीट हलवता, लहानमोठ्या करता येणाऱ्या खिडक्या आणि वरचा मेनूबार यायला २०२५ चं आयपॅडओएस २६ उजाडलं. व्हिडिओ कापायचं फायनल कट २०२३ ला आलं तेव्हा एक्सपोर्ट चालू असताना दुसऱ्या ॲपमध्ये गेलात तर एक्सपोर्ट थांबायचं. इतक्या जोरदार यंत्रावर फाइल तयार होईपर्यंत पडद्याकडे बघत बसायचं!

शेवटचा बाक
लिहायचं ठरवलं होतं ते बहुतेक सगळं लिहून झालंय, रुमाल उचलतो. फक्त दुरुस्तीचं राहिलं. आमच्याकडे डेस्कटॉपचा पॉवर सप्लाय गेला की कपाटातला दुसरा लावतो, जेमतेम अर्धा तास. लॅपटॉपचं चार्जिंगचं सॉकेट सैल झालं तर सगळं यंत्रच सर्व्हिसला जातं, आणि त्याच्याबरोबर तो माणूसही बसून. आता बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच डाख देऊन बसवलेली, घेताना जेवढी घेतली तेवढीच जन्मभर. काढता-घालता येणाऱ्या पातळ मेमरीचं कॅम२ नावाचं मानक २०२३ च्या शेवटी ठरलंय, फ्रेमवर्कसारखे लोक २०२१ पासून उघडून दुरुस्त करता येणारे लॅपटॉप बनवतायत, पण बहुतेक ऑफिसात येतो तो बंद डबाच. खटपट्या, जे काही घ्याल त्यात एक जास्तीचं यंत्र तयार ठेवा आणि रॅम आज लागते त्याच्या दुप्पट घ्या.

खटपट्या
केवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार, वाचायलाच संध्याकाळ गेली. पंखवेल्हाळ यांचा मुद्दा साहेबांना वाचून दाखवला, टॅबलेट फक्त साइटवाल्यांना हे त्यांनी लगेच मान्य केलं. लॅपटॉपचं मात्र अजून घोडं अडलंय. आमचं रेव्हिट (इमारतीचं मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर) आणि ॲनालिसिसचं सॉफ्टवेअर दोन्ही विंडोजवरच चालतात, म्हणजे मॅक बाद. सीनियर म्हणतात मोठं मॉडेल लॅपटॉपवर रडतं. वॉटमीटर, तुमचं काय मत?

वॉटमीटर
तुमचे सीनियर अर्धे बरोबर आहेत. रेव्हिटमध्ये मॉडेल फिरवणं, बदल करणं यातलं बरंचसं काम एकाच कोरवर चालतं. तिथे चांगला लॅपटॉप आणि डेस्कटॉप यांत तुम्हाला वाटतो तेवढा फरक नाही, रॅम पुरेशी हवी एवढंच. रडतं ते रेंडरिंगला आणि मोठ्या ॲनालिसिसला. ते काही प्रत्येक जण दिवसभर करत नाही. म्हणून एकदोन दणकट टॉवर कोपऱ्यात ठेवा, सामायिक. लॅपटॉपवरून रिमोटने त्यांच्यावर काम टाका आणि तुम्ही दुसरं काहीतरी करा. ऑफिसच्याच लॅनवर असाल तर माउस मागेमागे येतोय असं फारसं जाणवत नाही, घरून मात्र नेटवर अवलंबून.

दुर्बीण
आणि जे रोज त्याच खुर्चीत बसतात, कधीच कुठे जात नाहीत, त्यांना लॅपटॉप कशाला? आता डेस्कटॉप म्हणजे टेबलाखालचा मोठा डबाच असं कुठे राहिलंय. २०२४ चा मॅक मिनी जेमतेम १३ सेंटीमीटरचा चौकोन आहे, विंडोजवाले पण तसेच छोटे पीसी मिळतात, मॉनिटरच्या पाठीमागे स्क्रूने लागतात. बॅटरी नाही म्हणजे ती फुगायची भीती नाही. कायम चार्जरला लावून ठेवलेल्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या पूर्ण भरलेल्या आणि गरम राहून लवकर म्हाताऱ्या होतात, म्हणून तर ८० टक्क्यांवर थांबायची सेटिंग देतात.

उंटावरचा शहाणा
१३ सेंटीमीटर म्हणजे बॅगेत मावतो की. मग तो पोर्टेबलच झाला. म्हणजे मी जिंकलो.

जुनाट गंज
उंटराव, १९८१ चा ऑसबॉर्न १ अकरा किलोचा होता, पाच इंची पडदा, बॅटरी नाही, आणि पोर्टेबल म्हणूनच विकला जायचा. त्या हिशोबाने तुम्ही १९८१ लाच जिंकलात.

खटपट्या
हहपुवा. बरं, आमचं साधारण असं ठरतंय. साइटवाल्यांना टॅबलेट, ड्राफ्टिंगवाल्यांना लॅपटॉप पण टेबलावर मॉनिटर-कीबोर्ड-डॉक सकट, कोपऱ्यात दोन टॉवर, आणि हिशोबाच्या दोघींनी छोटा पीसीच हवा म्हणून सांगितलंय (आकडेमोडताई, नमपॅडसकट). सीनियरना त्यांचा डेस्कटॉप मिळतोय, मॅक्रो पण त्यांच्याकडेच आहेत म्हणा. आता शेवटची शंका, एका यूएसबी-सीच्या वायरवर दोन ४के मॉनिटर, लॅन आणि चार्जिंग सगळं खरंच चालतं का? एकाने सांगितलं चालतं, दुसऱ्याने सांगितलं मॉनिटर लुकलुकतो.

कोडगा
दोघेही खरं बोलतायत, कारण सी आकाराचं भोक सगळीकडे तेच दिसतं पण आतलं वेगळं असतं. थंडरबोल्ट ४ लिहिलं असेल तर दोन ४के ६० हर्ट्झला चालवता आले पाहिजेत अशी त्या मानकातच अट आहे. साधं यूएसबी-सी असेल तर लॅपटॉपचं स्पेसिफिकेशन वाचल्याशिवाय घेऊ नका, एका मॉनिटरपुरतंच असू शकतं, नाहीतर दुसरा ३० हर्ट्झला रखडतो आणि माउस चिकटल्यासारखा चालतो. चार्जिंगचं म्हणाल तर नेहमीचे डॉक जास्तीत जास्त १०० वॉटच्या आसपास देतात, वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेला लॅपटॉप असेल तर त्याचा स्वतःचा चार्जर पण लावावा लागेल, नाहीतर जोराच्या कामात चार्जरला असूनही बॅटरी उतरते.

शेवटचा बाक
आणि वायर डॉकच्या खोक्यातली आलीय तीच वापरा. फोनच्या चार्जरची सी वायर लावून मॉनिटर का दिसत नाही म्हणून लोक डॉक परत करतात. बऱ्याच चार्जिंगच्या वायरींतून चित्र जातच नाही.

खटपट्या
नोंद केली. सगळ्यांसाठी एकदम न घेता आधी एकच डॉक मागवतो आणि सीनियरच्या टेबलावरच लावून बघतो.